साबुदाण्यासारखं यीस्ट : सांगली जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीतलं गुठळ्यांचं प्रकरण

हे प्रकरण २०२३-२४ च्या गाळप हंगामातलं आहे. डिस्टिलरी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याला जोडलेली. कारखान्याचं नाव, क्षमता आणि माणसांची ओळख कळेल असं काहीही इथे दिलेलं नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. कऱ्हाडला राहते आणि सातारा-सांगलीतल्या डिस्टिलऱ्यांच्या लॅबना यीस्टच्या कामात मदत करते. या प्रकरणात एक चुकीचा सल्ला माझाही होता, तोही जसा दिला तसाच लिहिला आहे.

पार्श्वभूमी

प्लांटमध्ये एकापुढे एक असे चार फर्मेंटर, म्हणजे आंबवायच्या टाक्या. पहिल्यात पातळ केलेली मळी सतत पडत राहते, चौथ्यातून तयार वॉश, म्हणजे आंबून अल्कोहोल झालेला द्रव, बाहेर पडतो. तिथून तो सेटलरमध्ये जातो. सेटलर म्हणजे खाली निमुळती होत गेलेली शंकूची टाकी. वॉश तिथे थोडा वेळ निवांत राहतो, यीस्ट तळाला बसतं, वरचा निवळ वॉश कॉलमला, म्हणजे उकळून अल्कोहोल वेगळं करायच्या मनोऱ्याला, जातो आणि तळाचं घट्ट यीस्ट पंपाने पुन्हा पहिल्या फर्मेंटरला. सेंट्रिफ्यूज नको, वीज वाचते, शिवाय रोज नवीन यीस्ट वाढवण्यात साखर खर्ची पडत नाही. आपल्याकडे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि नीट चालली तर छान चालते.

हंगामाच्या सुरुवातीला इथे उसाच्या पाकावर इथेनॉल चालू होतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारचा आदेश आला, उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायचा नाही. बी-हेवी मळीच्या, म्हणजे दोनदा साखर काढून उरलेल्या मळीच्या, आधी ठरलेल्या पुरवठ्याला तेवढी मुभा राहिली. या प्लांटने मग काही दिवस बी-हेवी चालवली आणि जानेवारीत सी-हेवीवर आला. पाक स्वच्छ असतो. सी-हेवी मळी म्हणजे तीनदा साखर काढून उरलेला गाळीव अर्क. साखर कमी, क्षार जास्त. रस निवळायला चुना घालतात, त्यातलं बरंचसं कॅल्शियम शेवटी मळीत येऊन थांबतं. पुढे आमची जी दिशाभूल झाली ती याच कॅल्शियममुळे, म्हणून हे आधी सांगितलं.

यीस्ट विकतच्या ड्राय पाकिटातून घेतलेलं, सुटं राहणारं, गुठळ्या न करणारं. नोव्हेंबरात एकदा वाढवलं, डिसेंबरपासून सेटलरमधून परत फिरवायला सुरुवात केली आणि तेच यीस्ट पुढे चालत राहिलं.

काय बिघडलं

जानेवारीच्या शेवटी पहिला बदल दिसला तेव्हा सगळे खूशच झाले. सेटलरचा वरचा वॉश एकदम निवळ यायला लागला. एरवी तो गढूळ, कॉलममध्ये यीस्ट जातं, ट्रेवर थर धरतो. आता वॉश आरशासारखा. जनरल मॅनेजर साहेबांनी लॅबच्या मुलांचं कौतुकही केलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर पीएचई, म्हणजे पत्र्यांचे हीट एक्सचेंजर, चोक व्हायला लागले. फर्मेंटरमधला वॉश पंपाने पीएचईच्या पातळ पत्र्यांमधून फिरवून थंड करतात. ते पत्रे दोन-दोन दिवसांनी उघडायची वेळ आली. थंडावा कमी पडला, दुपारी तापमान ३५-३६ अंशांवर जाऊ लागलं. यीस्टला ३२ च्या आसपास बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या फर्मेंटरच्या तळाला जाड चिखल बसला. सर्वांत वाईट म्हणजे बाहेर पडणाऱ्या वॉशमध्ये साखर शिल्लक राहू लागली. एक टन ग्लुकोज पूर्ण आंबला तर सिद्धांताने ६४८ लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळतं, तेव्हा साखर तशीच पुढे गेली की ती सरळ स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्यात, जाते आणि तिथे सांडपाण्याचा भार वाढवते. दोन्हीकडून नुकसान.

फर्मेंटेशनला एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी काचेच्या सिलिंडरमध्ये वॉश धरून लॅबमध्ये आणला. "मॅडम, ह्ये बघा, साबुदाणा भिजल्यागत झालंय," म्हणाले. लॅबमधल्या केमिस्ट मुलीने त्याचा फोटो मला पाठवला. खरंच तसं दिसत होतं. तांबूस-तपकिरी पाण्यात फिकट, सारख्या आकाराचे दाणे, आणि हलवणं थांबवलं की मिनिटाभरात सगळे तळाला.

आधी केलेले दोन उपाय

पहिला संशय जंतुसंसर्गावर गेला, आणि तो चुकीचा नव्हता. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू यीस्टच्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतात हे डिस्टिलरीत नेहमी दिसतं. प्लांटने अँटिबायोटिकचा डोस वाढवला. पण व्हीए, म्हणजे वॉशमधली उडणारी आम्लं, तेव्हाही नेहमीच्याच पातळीवर होती. जिवाणू एवढे माजले असते तर व्हीए चढायलाच हवी होती. हे आकडे लॅबच्या वहीत होते, पण डोस वाढवायच्या आधी कुणी ती वही उघडली नाही. आठवडा गेला, गुठळ्या तशाच.

दुसरा उपाय माझा. फोनवर वर्णन ऐकलं, सी-हेवी सुरू झाल्यावर हे झालं हे ऐकलं, आणि डोक्यात लगेच फ्लॉक्युलेशनचं, म्हणजे यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळी होण्याचं, पाठ असलेलं चित्र उभं राहिलं. यीस्टच्या चिकट प्रथिनांना एकमेकींना धरायला कॅल्शियम लागतं, मळीत कॅल्शियम वाढलंय, म्हणून गुठळ्या. मी सांगितलं, मळी पातळ करून गरम करा, सल्फ्युरिक आम्ल घाला, कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसेल, मग वरची मळी वापरा. त्यांनी तसं केलं. वाफ लागली, आम्ल लागलं, जिप्समचा गाळ काढायला माणसं लागली. बारा दिवस. मळीतलं कॅल्शियम कमी झालं हे लॅबने मोजून दाखवलं. गुठळ्यांत तसूभरही फरक नाही.

नमुना हातात न घेता सल्ला दिला, ही माझी चूक. सी-हेवीवर आल्याची तारीख आणि गुठळ्या दिसल्याची तारीख जवळजवळ होती, आणि मी तेवढ्यावर कारण ठरवून मोकळी झाले.

टेबलावरच्या तीन नळ्या

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः गेले. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तिथल्या लॅबच्या कट्ट्यावर अर्ध्या तासात झालं. ते नीट सांगते, कारण कुठल्याही डिस्टिलरी लॅबमध्ये ते करता येतं.

चौथ्या फर्मेंटरचा नमुना घेतला, यीस्ट खाली बसू दिलं, वरचा वॉश ओतून टाकला आणि यीस्ट दोनदा स्वच्छ पाण्याने धुतलं, म्हणजे मळीतली साखर आणि क्षार निघून गेले. मग तीन नळ्या केल्या. पहिलीत ईडीटीए. हे रसायन कॅल्शियमला घट्ट पकडून ठेवतं आणि प्रथिनांच्या हाती काही उरू देत नाही. दुसरीत पीएच ४.५ चा ॲसिटेट बफर आणि थोडं कॅल्शियम. या मांडणीला हेल्म चाचणी म्हणतात. तिसरीत मॅनोज साखर, जी चिकट प्रथिनांची पकड सोडवते. तिन्ही जोरात हलवल्या आणि दहा मिनिटं स्टँडला लावून ठेवल्या.

चिकट प्रथिनांच्या गुठळ्या असत्या तर पहिली आणि तिसरी नळी दुधासारखी गढूळ राहिली असती आणि फक्त दुसरीत यीस्ट बसलं असतं. आमच्या तिन्ही नळ्यांत यीस्ट तळाला, वर पाणी स्वच्छ. केमिस्ट मुलीने पहिली नळी पुन्हा एकदा पूर्ण जोर लावून हलवली. दाणे उधळले, फिरले आणि पुन्हा तसेच खाली आले, एकही फुटला नाही.

मग मायक्रोस्कोप. काचपट्टीवर एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि आगपेटीच्या काडीने कव्हरस्लिपवर हलका दाब. मेथिलीन ब्लूच्या फिक्या निळ्यात जे दिसलं त्याने सगळा प्रश्नच बदलला. गुठळी फुटून सुट्या पेशी पसरल्या नाहीत. तिच्या फांद्या झाल्या. एका पेशीला दुसरी, दुसरीला तिसरी, तिसरीला बाजूने आणखी दोन, अगदी बांधावरच्या फड्या निवडुंगासारखी. प्रत्येक पान आधीच्या पानातून उगवलेलं आणि तिथेच जोडलेलं. जिवाणूंच्या काड्या जवळजवळ नव्हत्याच. खात्रीसाठी त्या यीस्टची प्लेटवर शुद्ध वसाहत केली आणि निर्जंतुक माध्यमात एकटी वाढवली. दोन दिवसांनी फ्लास्कच्या तळाला तेच दाणे.

पेशी एकमेकींना धरतात कशा

गुठळी म्हटली की आपण एकच गोष्ट समजतो. तिच्या मागे किमान तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

पहिलं कारण फ्लो जनुकं. यीस्टमध्ये फ्लो-१, फ्लो-५, फ्लो-९, फ्लो-१० आणि फ्लो-११ अशी चिकट प्रथिनांचं कुटुंब बनवणारी जनुकं आहेत. फ्लो-१ चं प्रथिन पेशीच्या भिंतीतून बाहेर डोकावतं. त्याचं टोक शेजारच्या पेशीच्या भिंतीवरच्या मॅनोजला पकडतं आणि त्या पकडीत मधे कॅल्शियम असतं. प्रथिनाचा मधला भाग लिहिणाऱ्या जनुकात साधारण १३५ डीएनए-अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हे तुकडे पेशीविभाजनात कमीजास्त होतात. जितके जास्त, तितकी पकड घट्ट; हे २००५ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणून एकाच जातीचं यीस्ट पिढ्या लोटल्या की गुठळीच्या बाबतीत बदलू शकतं. या जनुकांतली बरीचशी गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात, आणि टोकाजवळची जनुकं पेशी सहसा मिटवून ठेवते. वर फ्लो-८ सारखं जनुक त्यांना चालू करतं. १९९६ मध्ये ज्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला त्या प्रयोगशाळेतल्या एस२८८सी वाणात फ्लो-८ मोडलेलं आहे, म्हणून ते सुटं राहतं. फ्लो-१ चं प्रथिन त्यातही लिहिलेलं आहेच, १५३७ अमिनो आम्लांचं, फक्त ते चालू करणारं कुणी नाही.

फ्लोच्या गुठळ्यांत दोन प्रकार. एक फक्त मॅनोजने सुटतो. दुसरा, न्यूफ्लो नावाचा, मॅनोजनेही सुटतो आणि ग्लुकोज, सुक्रोजनेही. तो साखर असेपर्यंत सुटा राहतो आणि साखर संपत आली की गुठळी करतो. बिअरवाल्यांना हाच हवा असतो, कारण काम संपेपर्यंत यीस्ट वर आणि मग आपोआप खाली. ही गुठळी मुरमुऱ्याच्या लाडवासारखी. दाणे कुठूनही आलेले, पाकाने चिकटलेले. पाक सोडवला की सुटे.

दुसरं कारण जिवाणू, ते वर आलंच.

तिसरं कारण आमच्या काचपट्टीवर होतं. यीस्टची पेशी कळी धरते, कळी वाढते, मग आई आणि लेक यांच्यामधली भिंत विरघळून लेक सुटते. हे विरघळवण्याचं काम कायटिनेज आणि तशीच आणखी काही विकरं करतात, आणि ती विकरं बनवायचा हुकूम लेकीच्या केंद्रकात एसीई-२ नावाचं जनुक देतं. एसीई-२ बिघडलं की लेक आईला जोडलेलीच राहते, तिची लेक तिला, आणि निवडुंग वाढत जातो. इथे चिकटणं असं काही घडतच नाही, सुटणं तेवढं राहून जातं. म्हणून कॅल्शियम काढा, ईडीटीए घाला, साखर घाला, काहीही फरक पडत नाही. माझे ते बारा दिवस ज्या पकडीवर गेले ती पकड या गुठळीत नव्हतीच.

ती जात आली कुठून

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. आबांनी विचारलं होतं, "पाकीट तर तेच, मग ह्ये बी कुठनं आलं?" बी बाहेरून आलं नव्हतं, आमच्या सेटलरने ते निवडून काढलं होतं.

फर्मेंटरमध्ये पेशी एवढ्या असतात की दर पिढीला कुठेतरी कुणाचं तरी एखादं जनुक बिघडतंच. औद्योगिक यीस्टमध्ये गुणसूत्रांच्या सहसा दोन किंवा जास्त प्रती असतात, त्यामुळे एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते. पण कधीतरी बिघडलेल्या प्रतीचीच नक्कल चांगल्या प्रतीच्या जागी बसते, आणि मग निवडुंगी पेशी तयार होते. कोट्यवधींत एक. साध्या टाकीत ती तशीच एकटी राहिली असती, उलट आतल्या पेशींना साखर कमी मिळते म्हणून मागेच पडली असती.

सेटलरमध्ये मात्र तिचं राज्य. द्रवात कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. यीस्टची एक पेशी ५ ते ८ मायक्रॉनची. गुठळीचा व्यास दहापट झाला की वेग ढोबळमानाने शंभरपटीच्या घरात जातो, गुठळी सच्छिद्र असल्याने थोडा कमी धरा. म्हणजे तळाच्या पंपातून परत जाणाऱ्यांत गुठळी जवळजवळ सगळी, सुट्या पेशींतली बरीचशी मात्र वरच्या वॉशबरोबर कॉलमला जाऊन उकळून मेलेली. समजा एका फेरीत निवडुंगी पेशींचं सुट्यांशी असलेलं प्रमाण फक्त दुप्पट होतं. सुरुवातीला दहा लाखांत एक होती, तर वीस फेऱ्यांत ती निम्म्यावर येते. दिवसाला एक फेरी धरली तर तीन आठवडे. आमच्याकडे डिसेंबर ते जानेवारीअखेर असे सात-आठ आठवडे मिळाले होते.

हा प्रयोग मुद्दामही झालेला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सुटं यीस्ट रोज वाढवून ४५ मिनिटं बसू द्यायचे आणि तळाचंच पुढच्या फ्लास्कमध्ये घ्यायचे. साठ दिवसांत दहाच्या दहा फ्लास्कमध्ये निवडुंगी गुठळ्या झाल्या. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि पुढे त्यांनाही त्यामागे एसीई-२ सापडलं. २०१३ मध्ये आणखी एका गटाने फर्मेंटरमध्ये दीर्घकाळ फिरवलेल्या यीस्टमध्ये हेच जनुक बिघडलेलं दाखवलं. मी हे वाचलेलं होतं, पण सांगलीच्या सेटलरकडे बघताना ते आठवलं नाही.

कोणते पर्याय होते

मार्चच्या बैठकीत जनरल मॅनेजर साहेब, डिस्टिलरी इन्चार्ज, केमिस्ट मुलगी, आबा आणि मी. आबांना मुद्दाम बोलावलं होतं.

गुठळी राहू द्यावी, असं साहेबांचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. निवळ वॉश हा खरा फायदा आहे. चीनमध्ये दालियनला विकसित केलेल्या गुठळी करणाऱ्या यीस्टवर मोठे प्लांट चाललेले आहेत. पण त्यांचे फर्मेंटर त्या यीस्टसाठी बांधलेले. आमचे पंप, पीएचईचे पत्रे, ढवळण्याची सोय, सगळं सुट्या यीस्टच्या हिशोबाचं. आणि शिल्लक साखरेचे आकडे रोज वहीत पडत होते.

सगळं बंद करून रिकामं करावं, धुवावं आणि नवीन यीस्टने सुरू करावं, असं माझं मत. साहेबांना ते परवडणारं वाटेना. मळीच्या टाक्या भरत आलेल्या, इथेनॉलचा पुरवठा तारखेला बांधलेला.

इन्चार्जांनी मधला मार्ग काढला, एकेक फर्मेंटर रिकामा करून बदलायचा. बंद ठेवायची गरज नाही.

यीस्टमध्येच जनुकीय बदल करून हवं तेव्हाच गुठळी करणारं वाण आणता येईल का, हेही निघालं. केमिस्ट मुलीने त्यावर बरंच वाचलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात फ्लो-१ समोर एडीएच-२ किंवा एचएसपी-३० या जनुकांचा प्रमोटर, म्हणजे चालू-बंद करणारा भाग, बसवून २००८ मध्ये दाखवलेलं आहे की साखर संपत आल्यावरच गुठळी होईल अशी सोय करता येते. कल्पना फार सुंदर आहे. पण आपल्याकडे जनुक बदललेले सूक्ष्मजीव १९८९ च्या नियमांखाली येतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग वरच्या परवानग्या, आणि आमचा स्पेंट वॉश शेवटी कंपोस्टमधून शेतात जातो. शिवाय आमच्या प्लांटची अडचण फ्लो जनुकांची नव्हतीच. त्या सेटलरवर बदललेलं वाण सोडलं असतं तरी काही आठवड्यांत एसीई-२ बिघडलेली पेशी त्यातही वर आली असती. हा पर्याय तिथेच थांबवला.

जनुकक्रम तपासायला नमुना पाठवायचा का, हेही बोललो. उत्तर कोणतंही आलं तरी पुढची पावलं तीच राहणार होती. नाही पाठवला.

काय केलं

मधला मार्ग स्वीकारला. मी आग्रह सोडला, आणि तो सोडायला नको होता असं आज वाटतं. नवीन पाकिटातून प्री-फर्मेंटरमध्ये, म्हणजे यीस्ट वाढवायच्या वेगळ्या टाकीत, यीस्ट वाढवलं, ते सुटं आहे हे नळीत तपासलं. आठ दिवसांत चारही फर्मेंटर एकामागून एक बदलले. पीएचई मोकळे झाले, दुपारचं तापमान ३३ वर आलं, शिल्लक साखर उतरली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

अकराव्या दिवशी आबा पुन्हा सिलिंडर घेऊन आले. दाणे बारीक होते, पण होते.

प्री-फर्मेंटरचं यीस्ट तपासलं, स्वच्छ. मग सेटलरच्या शंकूच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून नमुना काढला. जुन्या गुठळ्यांची घट्ट लापशी निघाली. बदलाच्या आठ दिवसांत सेटलर चालूच होता, तळ आणि परतीची पाइपलाइन कुणी रिकामी केली नव्हती. आम्ही बी जपून ठेवलं होतं आणि पुन्हा पेरलं होतं, तेही आधीच्या दहा लाखांत एकापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. म्हणून तीन आठवडेही लागले नाहीत.

आता साहेबांनीच बंदचा निर्णय घेतला. मार्चअखेरीस चार दिवस सगळं थांबलं. फर्मेंटर, सेटलर, परतीची लाइन, पीएचई, सगळं गरम कॉस्टिकने धुतलं आणि वाफवलं. शंकूच्या तळाला आबा स्वतः टॉर्च घेऊन उतरले. आधी हवा खेळवून आत कार्बन डायऑक्साइड उरला नाही हे मीटरने तपासलं, कमरेला दोर बांधला आणि वर माणूस उभा ठेवला. फर्मेंटेशनच्या टाकीत उतरताना यात कधीही कसर करू नये. नवीन यीस्टने सुरुवात झाली, आणि एप्रिलअखेर मळी संपेपर्यंत परत फिरवणं पूर्ण बंद ठेवलं. त्यामुळे यीस्ट वाढवण्यात थोडी साखर जास्त गेली, पण ती आधी वाया जात होती त्यापेक्षा कमी होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू जानेवारीचा होता. निवळ वॉश दिसला तेव्हाच विचारायला हवं होतं, सुटं म्हणून घेतलेलं यीस्ट एवढं बसतंय कसं? चांगली वाटणारी गोष्ट विनाकारण घडली तर तीही नोंदवून तपासावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक लॅबला सांगते.

दुसरा, अँटिबायोटिकच्या आधी व्हीएची वही बघायला हवी होती. तिसरा माझा, फोनवरचा. ईडीटीएच्या नळीला काही रुपयांचं रसायन आणि दहा मिनिटं लागतात. ती आधी केली असती तर वाफ, आम्ल आणि बारा दिवस वाचले असते. चौथा, टप्प्याटप्प्याने बदल करताना सेटलर यादीतच नव्हता. फर्मेंटर म्हणजे यीस्टचं घर असं आम्ही धरलं, पण ही जात वाढली होती सेटलरच्या तळाला.

एक मात्र बरं झालं, आबांना बैठकीला बोलावलं. दुसऱ्यांदा दाणे दिसले तेव्हा त्यांनी एका तासात कळवलं, कारण काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं.

निष्पत्ती आणि पुढचा हंगाम

२०२४-२५ ला प्लांटने तीन बदल केले. मूळ यीस्ट ग्लिसरॉलमध्ये छोट्या कुप्यांत भरून डीप फ्रीजरला ठेवलं, आणि फर्मेंटरमधून उलट कल्चर घ्यायचं बंद केलं. परत फिरवणं ठेवलं, पण सहा आठवड्यांपुरतंच. मग सेटलरसकट सगळं धुऊन ताजी सुरुवात. आणि दर शुक्रवारी सकाळी चौथ्या फर्मेंटरच्या नमुन्याच्या तीन नळ्या आणि एक काचपट्टी. निकाल भिंतीवरच्या तक्त्यावर, शिफ्टच्या सगळ्यांना दिसेल असा.

दुसऱ्या फेरीच्या पाचव्या शुक्रवारी ईडीटीएच्या नळीत तळाला पातळसा थर राहिला. काचपट्टीवर चार-पाच पेशींचे छोटे निवडुंग दिसले. सेटलर त्याच दिवशी बाजूला काढून धुतला, तिसरा आणि चौथा फर्मेंटर बदलला, प्लांट बंद पडला नाही. जुन्या हंगामातली गुठळी करणारी जातही केमिस्ट मुलीने फेकली नाही. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात तिच्या सहा कुप्या आहेत, त्यांवर मार्करने "साबुदाणा, मार्च २०२४" लिहिलेलं आहे.